जुगाराचा कायदा आणि देहाची साक्ष

विदर्भातील ब्रह्मपुरी ज्या चांदा जिल्ह्यात होती तो मध्य प्रांतात मोडत असे, आणि त्या प्रांताचा नामोल्लेख असलेल्या १८६७ च्या सार्वजनिक जुगार कायद्याच्या १२ व्या कलमाने निव्वळ कौशल्याचे, म्हणजे दैवावर न चालणारे, खेळ वगळले होते. परंतु तीन पत्तीत, जिथे पाने झाकून बोली चढवली जाते, तिथे समोरच्याचा घाम किंवा थरथरती बोटे वाचणे याला काय म्हणावे, याविषयी तो कायदा गप्प होता. त्याचा मुख्य रोख अड्डा चालवणाऱ्यांवर होता. खुणा केलेले पत्ते ही उघड फसवणूक, कारण ते खोटे मुद्दाम रचलेले असते. घाम कोणी रचत नाही. तरीही घरचे धान विकून बसलेल्या नवख्याची भीती हेरून डाव उभारणे निव्वळ निरीक्षण नव्हे, ती निर्दयता आहे. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि पुढे लागू झालेल्या १८८७ च्या मुंबई कायद्यातही कौशल्याची सूट १३ व्या कलमात कायम राहिली.