बदाम गुलाम आणि मारिओ



पत्रिकेतला आजचा विषय वाचून काही जण हसले असतील. आयुष्यभर कांट आणि शंकराचार्य शिकवलेली बाई व्हिडिओ गेममधल्या पात्रांवर काय बोलणार? पण प्रश्न माझा नाही, माझ्या नातीचा आहे. ती नऊ वर्षांची आहे. सुट्टीत आम्ही दोघी बदाम सात खेळत होतो. तिच्या अंगावर मारिओचं चित्र असलेला टी-शर्ट होता. मी सहज विचारलं, "हा कुठल्या गेममधला गं?" तर म्हणाली, "आजी, हा सिनेमातला आहे." गेम तिने कधी खेळलेलाच नव्हता. मग तिनेच विचारलं, "मी आजी होईन तेव्हापण हा असेल का?" मी काहीच बोलले नाही, माझं पान टाकलं. ते पान होतं बदाम गुलाम. उत्तराची सुरुवात त्या पानापासून करता येईल, हे मला रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचलं.

आपल्या कॅटमधला बदाम गुलाम कधी नीट पाहिलाय? त्याचं तोंड एका बाजूला वळलेलं असतं, म्हणून डोळा एकच दिसतो. इस्पिक गुलामाचंही तसंच. या गुलामाचं नाव काय, असं विचारलं तर आपण म्हणू, गुलामाला कसलं आलंय नाव? पण फ्रान्समध्ये छापलेल्या पारंपरिक कॅटमध्ये राजा, राणी, गुलाम यांच्या शेजारी आजही नावं असतात. इस्पिक राजा डेव्हिड, किलवर राजा अलेक्झांडर, चौकट राजा सीझर, बदाम राजा शार्ल, म्हणजे शार्लमेन. आणि बदाम गुलामाशेजारी लिहिलेलं असतं 'ला हीर'. ला हीर हा जोन ऑफ आर्कच्या बाजूने इंग्रजांशी लढलेला फ्रेंच सेनानी. १४४३ साली तो वारला. इंग्रजांनी पत्ते फ्रान्सकडून घेतले, चित्रांची ठेवण राखली आणि नावं गाळली. आपल्याकडे घराघरात पोचले ते इंग्रजी वळणाचे पत्ते. तर जवळजवळ सहाशे वर्षं झाली, तो सेनापती गेला, त्याचं युद्ध गेलं, त्याचं नावही आपल्यापुरतं गेलं, आणि पान मात्र कालच्या रविवारी माझ्या हातात होतं. फार लांबच्या काळाबद्दल बोलायचं तर 'लोकप्रिय राहणं' म्हणजे काय, हे आधी या पानाला विचारायला हवं.

आता गंमत अशी की मारिओचं घराणंही पत्त्यांचंच आहे. निन्टेंडो ही कंपनी फुसाजिरो यामाउची यांनी १८८९ साली क्योतोमध्ये काढली ती हानाफुदा नावाचे पत्ते विकायला. हानाफुदा म्हणजे फुलांचे पत्ते. बारा महिने, प्रत्येक महिन्याची चार पानं, एकूण ४८. जपानीत पत्त्यांना 'कारुता' असा शब्द आहे, तो पोर्तुगीजांकडून आलेला. सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजांबरोबर पत्ते तिकडे गेले.

१९८१ साली या कंपनीची अमेरिकेतली शाखा अडचणीत होती. 'रेडार स्कोप' नावाच्या खेळाची सुमारे २,००० यंत्रं पडून होती. ही नाणं टाकून खेळायची, कपाटाएवढी यंत्रं. ती भंगारात घालण्यापेक्षा आतला खेळ बदलावा असं ठरलं आणि ते काम शिगेरू मियामोतो या तरुणाकडे आलं. तो इंजिनिअर नव्हता, औद्योगिक डिझाइन शिकलेला, चित्रं काढणारा माणूस. आधी विचार होता पॉपायचा खेळ करण्याचा. पालक खाऊन दंड फुगवणारा तो खलाशी, १९२९ सालचा. पण त्या वेळी त्याचे हक्क मिळाले नाहीत. मग पॉपायच्या जागी एक सुतार आला, दांडगट ब्लूटोच्या जागी एक वानर, ऑलिव्हच्या जागी एक मुलगी. खेळाचं नाव 'डाँकी काँग'. सुताराला धड नावही नव्हतं. त्याला 'जम्पमन' म्हणत, आपण उडीबहाद्दर म्हणू. मारिओ हे नाव पडलं ते अमेरिकेतल्या कंपनीच्या गोदामाच्या घरमालकावरून. नळदुरुस्ती तर त्याहून उशिरा, १९८३ साली त्याच्या गळ्यात पडली.

आणि त्याचा चेहरा? चित्र बसवायला जागा होती आडवे १६ आणि उभे १६ ठिपके. एवढ्यात तोंड काढता येत नाही, म्हणून मोठं नाक आणि खाली मिशी. उडी मारताना केस हलवायचे कसे? म्हणून टोपी. हात हलताना दिसावेत म्हणून शर्टाचा रंग एक आणि डंगरीचा दुसरा. थोडक्यात, आपण ज्याला मारिओचं व्यक्तिमत्त्व म्हणतो ती सगळी अडचणीतून काढलेली वाट आहे. पण त्यामुळेच पाच वर्षांचं मूल तो पाटीवर खडूने काढू शकतं. नाक, मिशी, टोपी, झाला मारिओ.

याच्या एक वर्ष आधी, १९८० मध्ये, नाम्को कंपनीच्या तोरू इवातानी यांनी पॅकमन केला. वय होतं २५. खेळाच्या दुकानांमध्ये तेव्हा परग्रहावरच्या प्राण्यांवर गोळ्या झाडणाऱ्या मुलग्यांची गर्दी. तिथे मुलींनाही यावंसं वाटावं, म्हणून त्यांनी खाण्यावरचा खेळ काढला. एक फोड उचललेला पिझ्झा आणि 'तोंड' या अर्थाचं जपानी अक्षर, या दोन्ही गोष्टी त्या आकारामागे असल्याचं त्यांनी सांगितलं आहे. मागे लागलेली चार भुतंही नुसती धावत नाहीत. लाल भूत थेट पाठलाग करतं, गुलाबी भूत पुढे जाऊन वाट अडवायला बघतं. पॅकमनला मात्र खेळाच्या पडद्यावर ना डोळा, ना हात, ना पाय. नुसतं तोंड. तो खातो, म्हणून तो आहे.

ॲरिस्टॉटल शोकांतिकेबद्दल म्हणतो की ती माणसांची नव्हे तर कृतीची अनुकृती असते, आधी कथानक आणि मग स्वभाव. वर्गात मी हे वर्षानुवर्षं शिकवलं आणि मुलांना ते कधी फारसं पटलं नाही. त्यांना लगेच हॅम्लेट आठवायचा. त्यांच्यासमोर पॅकमन ठेवायला हवा होता, पण तेव्हा मला तो माहीत नव्हता!

तर माझा अंदाज असा की ज्या पात्राच्या पोटात एक क्रियापद आहे ते लांब जातं. खाणारा, उडी मारणारा, पळणारा. पळणारा म्हणजे सॉनिक, १९९१ सालचा निळा काटेरी प्राणी. त्याच्या सेगा कंपनीने २००१ साली यंत्रं बनवणंच सोडलं, तर हा पठ्ठ्या प्रतिस्पर्ध्याच्या, म्हणजे निन्टेंडोच्या यंत्रावर राहायला गेला. घर पडलं तरी भाडेकरू जगला. पिकाचूची गोष्ट निराळी. १९९६ च्या मूळ खेळात तो १५१ प्राण्यांपैकी एक, पुढच्या वर्षी आलेल्या टीव्ही मालिकेने त्याला मोठा केला. म्हणजे त्याचा आधार खेळ नाहीच. लारा क्रॉफ्टबद्दल मात्र मी साशंक आहे. तिला घराणं आहे, वाडा आहे, पूर्वायुष्य आहे, आणि ती खऱ्या बाईसारखी दिसावी असा प्रयत्न १९९६ पासून चालू आहे. जितकी खरी दिसावी म्हणून धडपड, तितकी ती दहा वर्षांनी जुनी दिसते आणि मग नवा चेहरा द्यावा लागतो. तिचे चाहते इथे असतील तर रागावू नका.

आजची लोकप्रियता यात कामाची नाही, हे फेलिक्स मांजराकडे पाहून कळतं. १९१९ साली पडद्यावर आलेला हा काळा बोका पुढची दहा वर्षं जगातल्या सर्वांत प्रसिद्ध व्यंगपात्रांपैकी एक होता. १९२८ च्या शेवटी मिकी माउस आवाजासकट आला. फेलिक्सला बोलपटात पाय रोवता आले नाहीत. पुढे त्याला टीव्हीवर परत आणलं गेलं, पण ते पहिले दिवस काही आले नाहीत. मारिओवर हीच वेळ १९९६ साली आली होती, सपाट पडदा जाऊन खोलीचा पडदा आला तेव्हा. तो त्यातून पार झाला, कारण उडी तिथेही मारता येत होती.

उलट बाजूचं एक उदाहरण आपल्याच मुलखातलं देते. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, १२० गोल पत्ते. आज ते लोक शोभेची वस्तू म्हणून विकत नेतात, खेळता येणारे फार थोडे. पण मत्स्य-कूर्म-वराहाचं काय बिघडलं? त्यांचं घर देवळात होतं, खेळात ते पाहुणे होते. मारिओला देऊळ नाही.

आता थोडं घरातलं सांगते. १९९४ च्या सुमारास आम्ही मुलासाठी व्हिडिओ गेम आणला. अस्सल जपानी यंत्र आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत क्वचितच दिसे, येत असे ती त्याची नक्कल. कॅसेटवर शेकडो खेळ लिहिलेले, आत खरे दहा-बारा, तेच पुन्हा पुन्हा. चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत घालायची. आमच्या मजल्यावरची सगळी मुलं बैठकीच्या खोलीत. त्या कॅसेटवर ना निन्टेंडोचं नाव, ना मियामोतोचं. शेजारच्या काकू मारिओला 'तो मिशीवाला' म्हणायच्या, आणि "मिशीवाला खड्ड्यात पडला का रे?" असं स्वयंपाकघरातून विचारायच्या. चोरीचा माल होता, हे मान्य. पण ला हीरचं जे झालं तेच तिथे व्हायला लागलं होतं. मालक गळला, नाव गळायला आलं, उडी तेवढी हातोहात पसरली.

पत्त्यांचं बरं होतं, कॅट कुणाच्या मालकीचा नव्हता. मारिओला मालक आहे, आणि मालकाने त्याला उत्तम सांभाळलंय. २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या समारोपाला जपानचे पंतप्रधान शिंझो आबे मारिओची टोपी घालून उभे राहिले, २०२३ च्या सिनेमाने शंभर कोटी डॉलरच्या वर कमाई केली. चित्राची काळजी नाही. काळजी आहे ती खेळाची. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन या अमेरिकेतल्या संस्थेने २०२३ साली पाहणी केली. २०१० पूर्वी तिथे आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत. असे खेळ संशोधकांना दुरून, आपापल्या ठिकाणी बसून उघडता यावेत, अशी सवलत ग्रंथालयांच्या वतीने मागितली गेली होती. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ती नाकारली. मालकांची भीती अशी की लोक अभ्यासाच्या नावाखाली मजेसाठी खेळतील. खेळ मजेसाठी खेळला जाईल ही भीती! मी पन्नास वर्षं तत्त्वज्ञान वाचतेय, असा युक्तिवाद कुठल्या दर्शनात सापडला नव्हता.

अमेरिकी कायद्यात कंपनीच्या अशा कृतीला प्रकाशनापासून ९५ वर्षं संरक्षण असतं. म्हणजे 'डाँकी काँग'मधला उडीबहाद्दर १ जानेवारी २०७७ ला सगळ्यांचा होईल. माझी नात तेव्हा साठीच्या आसपास असेल, बहुधा आजी. चित्र असेलच, हे तिला मी आता खात्रीने सांगू शकते. उडी असेल का, हे सांगता येत नाही. तिने आजही उडी पाहिलेली नाही, फक्त टी-शर्ट घातलाय.

म्हणून गेल्या महिन्यात मुलाने माळ्यावरून ते जुनं यंत्र काढलं. कॅसेटही सापडली, वर नातीच्या बापाचं नाव स्केचपेनने लिहिलेलं. पण त्याची पिन आमच्या नव्या टीव्हीला बसत नाही, आणि ॲडॉप्टरही कुणी तरी हरवलाय. मुलगा आता जुन्या पेठेतल्या दुरुस्तीवाल्यांकडे डबा टीव्ही शोधतोय. तोवर आमचं बदाम सात चालू आहे. त्या कॅटमधली चौकट तिर्री दोन वर्षांपूर्वीच हरवली. नातीने लग्नपत्रिकेचा पुठ्ठा कापून त्यावर तीन लाल चौकटी काढल्यात, आणि पिसताना तो जरा जाड लागतो एवढंच.