लोक काय विचारतात?

लेखकास विषय कोठून मिळावा, हा प्रश्न छापखान्याइतकाच जुना आहे. आपणांस जें सांगावेंसें वाटतें तें लिहावें, कीं वाचकांस जें विचारावेंसें वाटतें तें शोधून त्याचें उत्तर द्यावें, ह्या दोन मतांमध्यें मराठी नियतकालिकांचा इतिहास सारखा हेलकावे खात आला आहे. हाच वाद आतां नवा वेष घेऊन आला आहे. गूगलच्या शोधयंत्रापुढें लोक जे शब्द टाकतात, त्यांची मोजदाद होऊन कोणत्या विषयाची विचारणा वाढली व कोणत्याची ओसरली याचा आलेख आतां कोणासही फुकट पाहावयास मिळतो. आणि संकेतस्थळें चालविणारे पुष्कळ लोक त्यावरून आपले विषय ठरवितात. ही रीत चांगली कीं वाईट, याचा विचार करण्याचा प्रसंग आम्हांवर एका विद्यार्थ्यामुळें आला.

धाड हें गांव बुलढाण्याहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जालना जिल्ह्याच्या सरहद्दीजवळ आहे. १८५३ सालीं निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केलें, तेव्हांपासून १९४७ सालीं इंग्रजांचें राज्य संपेपर्यंत, अलीकडे इंग्रजांचा अंमल व पलीकडे निजामाचा, असा येथील प्रकार होता. १९५६ सालीं दोन्ही बाजू एका राज्यांत आल्या. सरहद्दीवरच्या गांवास दोन्हींकडच्या बातम्या आधीं कळतात, परंतु दोन्हींकडच्या दप्तरांत त्याचें नांव शेवटीं लागतें. ह्या गोष्टीचें प्रयोजन पुढें येईल.

आमचा एक जुना विद्यार्थी ह्या गांवीं राहून शेतकऱ्यांकरितां एक लहानसें मराठी संकेतस्थळ चालवितो. घरची जमीन थोडी व तीही कोरडवाहू. एका वर्षांत ह्या उद्योगांतून कांहीं प्राप्ति न झाल्यास तो सोडून शेतीकडे यावयाचें, असें वचन त्यानें वडिलांस दिलें होतें. दहा महिने उलटल्यावर तो आमच्याकडे आला व म्हणाला, “सर, मला जें महत्त्वाचें वाटलें तें सगळें लिहिलें, पण वाचणारा नाहीं. आतां हा आलेख पाहूनच लिहावें म्हणतों. लोक काय विचारतात तें यांत दिसतें. तुम्हांला काय वाटतें?” त्यास लगेच हो किंवा नाहीं म्हणणें आमच्यानें झालें नाहीं. इतिहासाच्या अध्यापकास उत्तर सुचत नसलें म्हणजे तो मागें पाहतो. आम्हींही तेंच केलें.

६ जानेवारी १८३२ रोजीं बाळशास्त्री जांभेकरांनीं ‘दर्पण’ काढलें, तेव्हां मराठी वर्तमानपत्राची मागणी कोणींही केलेली नव्हती. जी वस्तु लोकांनीं पाहिलेलीच नाहीं, तिची मागणी ते कशी करणार? भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकरां’त १८४८ पासून लोकहितवादींचीं पत्रें आलीं, तीं वाचकांच्या कानांस गोड लागावीं म्हणून लिहिलेलीं नव्हतीं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं १८७४ सालीं ‘निबंधमाला’ सुरू केली, ती तर बहुतांशीं एकहातींच चालविली. ह्या तिघांचीं मतें परस्परांहून अगदीं भिन्न. परंतु वाचक काय मागतो हें पाहून लिहावयास बसणें त्यांपैकीं कोणाच्याही वृत्तींत नव्हतें.

शतकाच्या अखेरीस हा ओघ पालटला. हरि नारायण आपट्यांनीं १८९० सालीं ‘करमणूक’ काढलें. ज्ञान व्हावें परंतु तें कंटाळवाणें होऊं नये, ही सामान्य वाचकाची न बोललेली इच्छा त्यांनीं ओळखली. १८९५ सालीं काशीनाथ रघुनाथ मित्रांचें ‘मनोरंजन’ निघालें, आणि १९०९ सालीं त्याचा दिवाळी अंक प्रसिद्ध झाला. आज दिवाळी अंकावांचून मराठी दिवाळीची कल्पनाही होत नाहीं. पण त्या वेळीं ती एका संपादकाची परीक्षाच होती. वर्षांतून एकदां घरोघर सवड असते, माणसें एकत्र येतात, आणि तेव्हां वाचावयास कांहीं हवें असतें, हें ज्यानें हेरलें त्यानें वाचकाचा ऋतु ओळखला. हातीं आलेख नव्हता, एवढेंच.

याच्या उलट दाखला ‘किर्लोस्कर’ मासिकाच्या घराण्यांतच आहे. हें मासिक १९२० सालीं ‘किर्लोस्कर खबर’ ह्या नांवानें, कारखान्याची माहिती देणारें पत्र म्हणून निघालें. ज्या नांगरावर त्या कारखान्याची कीर्ति उभी राहिली, तो लोखंडी नांगर लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९०३ सालीं तयार केला, तेव्हां शेतकऱ्यांनीं तो घेण्यास नकार दिला; लोखंडानें जमिनीस विष चढतें अशी पुष्कळांची समजूत होती. त्या सालीं शेतकऱ्यांच्या विचारणेचा आलेख कोणीं काढला असता, तर लोखंडी नांगराच्या रेघेवर शून्याखेरीज कांहीं दिसलें नसतें. मागणीचा अभाव म्हणजे गरजेचा अभाव नव्हे, हा धडा आम्हांस ह्या नांगरानें दिला.

परंतु आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नास सर्वांत जवळचा दाखला ‘समाजस्वास्थ्या’चा आहे. रघुनाथ धोंडो कर्व्यांनीं हें मासिक जुलै १९२७ मध्यें काढलें व १९५३ सालीं मृत्यु येईपर्यंत चालविलें. त्यांत वाचकांच्या प्रश्नांस उत्तरें छापलीं जात. जें आईबापांस, शेजाऱ्यास किंवा वैद्यासही विचारण्याची सोय नव्हती, तें लोक एका अनोळखी संपादकास पत्रानें विचारीत. त्या उत्तरांपायीं कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या वतीनें उभे राहिले, तरी खटला हरला व कर्व्यांस दंड झाला. प्रश्न लोकांच्या मनांत होता, तो त्यांनीं आपण होऊन विचारला होता. गुन्हा ठरला तो उत्तर देण्याचा. आज शोधयंत्रापुढें माणूस रात्रीं एकटा बसून जें टंकतो, तें याच जातीचें असतें. म्हणून लोकांच्या विचारणेकडे पाहणें हें केवळ बाजारूपणाचें लक्षण आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. जो प्रश्न खरोखर कोणास पडला आहे, त्याचें प्रामाणिक उत्तर देणें यापरतें लेखकाचें दुसरें थोर काम आम्हांस ठाऊक नाहीं.

आतां त्या आलेखाकडे वळूं. गूगलनें ‘ट्रेंड्स’ नांवाची ही सोय मे २००६ मध्यें खुली केली; तींत २००४ पासूनची स्थिति पाहतां येते. त्यांतील १०० हा आंकडा म्हणजे शंभर माणसें नव्हेत. निवडलेल्या काळांत व प्रदेशांत, एखाद्या शब्दाच्या विचारणेचें एकंदर विचारणेशीं जें प्रमाण सर्वांत अधिक भरलें, त्यास १०० मानावयाचें व इतर काळचें प्रमाण त्याशीं ताडून लिहावयाचें. तेव्हां ५० म्हणजे त्या शिखराच्या निम्में प्रमाण. हीं प्रमाणेंही सर्व विचारणांवरून नव्हे, तर त्यांतील नमुन्यावरून काढतात. आणि विचारणा फार थोडी असेल तेथें ० दिसतो. ज्यास हें ठाऊक नाहीं, तो लहान टेकडीस हिमालय समजण्याचा संभव आहे.

तथापि ऋतु ओळखण्यास हें साधन उत्तम आहे. कांहीं विचारणा पंचांगासारख्या नेमानें येतात. जळगांव जामोद तालुक्यांतील भेंडवळ येथें अक्षय्य तृतीयेस घटमांडणी होते. शेतांत धान्यें मांडून दुसऱ्या दिवशीं पीकपाण्याचें भाकीत सांगतात. त्या भाकितास शास्त्राचा आधार नाहीं. परंतु तें काय निघालें ही पृच्छा दर वैशाखांत ठरलेली. दुसऱ्या कांहीं विचारणा वावटळीसारख्या येतात. जून २०२० मध्यें लोणार सरोवराचें पाणी गुलाबी झालें, तेव्हां जो तो कारण विचारूं लागला; पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें पाण्याचे नमुने तपासून, खारट पाण्यांत वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळें हा रंग आला असें सांगितलें. वावटळीच्या मागें धांवणारा लेखक ती शमल्यावर पोंचतो. जो ऋतु जाणतो तो आधींच तयार असतो.

हें आम्हीं विद्यार्थ्यास बोंडअळीच्या उदाहरणानें समजाविलें. २०१७ सालीं गुलाबी बोंडअळीनें विदर्भांतील कापसाची दाणादाण केली. ही अळी बोंडाच्या आंत राहते. बाहेरून बोंड धड दिसतें. तिच्याविषयींची विचारणा वाढते ती नुकसान डोळ्यांस दिसल्यावर. परंतु उपयोगाचे उपाय त्याच्या आधींचे आहेत, म्हणजे हंगामापूर्वीं लागवड टाळणें, आणि पीक पातीवर येण्याच्या सुमारास कामगंध सापळे लावून नजर ठेवणें. तेव्हां आलेखाच्या शिखरावर लेख लिहिणारास वाचक मिळतील, पण शेतकऱ्याचा कापूस वांचणार नाहीं. गेल्या वर्षाचें शिखर पाहून यंदा त्याच्या दोन महिने आधीं लिहावें. आणि शिखराच्या वेळीं, आतां काय करतां येईल तेवढेंच सांगावें. आलेखाचा हा उपयोग आम्हांस उचित वाटतो.

आलेखावर सर्वस्वीं विसंबल्यास काय होतें, याचेंही उदाहरण आहे. २००८ सालीं गूगलनें विचारणांच्या आधारें इन्फ्लुएन्झाच्या सांथीचा अंदाज देण्यास आरंभ केला. प्रथम त्याची मोठी वाखाणणी झाली. परंतु २०१२-१३ च्या हिंवाळ्यांत अमेरिकेंतील त्याचा अंदाज प्रत्यक्ष नोंदींच्या सुमारें दुप्पट निघाला, व २०१५ सालीं तो प्रसिद्ध करणें थांबलें. रोगाची बातमी वाचून घाबरलेला निरोगी मनुष्यही विचारणा करतोच. लोक काय विचारतात हें कळलें म्हणजे लोकांस काय झालें आहे हें कळलें, असें नव्हे.

आणि येथें धाडचें प्रयोजन येतें. आलेख महाराष्ट्राची गोष्ट सांगतो, मोठ्या शहरांची सांगतो. धाडएवढें गांव त्यांत दिसत नाहीं. ‘सोयाबीन’ हा शब्द देवनागरींत टंकणारा एकीकडे व तोच रोमन अक्षरांत टंकणारा दुसरीकडे मोजला जातो. दोघांस एकत्र आणावयाचें तर शब्दाऐवजीं विषय निवडावा लागतो. आणि ज्याच्या हातीं स्वतःचें यंत्रच नाहीं, तो कोठेंच मोजला जात नाहीं. शेतकऱ्यांचे प्रश्न ऐकण्याकरितां सरकारनें जानेवारी २००४ मध्यें किसान कॉल सेंटरें उघडलीं. तेथें मराठींत विचारतां येतें व प्रश्नांची नोंदही राहते. आम्हीं विद्यार्थ्यास सांगितलें, “आलेख पाहा, ह्या नोंदी पाहा, आणि तिसरी वही तूं स्वतः कर. आठवडी बाजारांत बैस, आणि लोक काय विचारतात तें लिहून काढ.”

दोन महिन्यांनीं तो वही घेऊन आला. बाजारभाव, बियाणें, पीकविमा हे प्रश्न वहींत होते तसे आलेखांतही होते. परंतु वहींत एक प्रश्न पुनःपुन्हां आला होता, व विचारणाऱ्या बहुतेक वृद्ध बाया होत्या: नवरा वारला, सातबाऱ्यावर नांव कसें चढवावें? त्यानें वारसनोंदीच्या फेरफाराविषयीं, अर्ज, कागद व तलाठ्याकडील क्रम सांगणारा साधा लेख लिहिला. त्या बायांनीं तो वाचला नाहीं. त्यांच्या नातवांनीं तो वाचून दाखविला. ह्या एका लेखानें त्याचें पोट भरलें नाहीं, हें उघड आहे. पण गांवांत त्याच्याकडे माणसें विचारावयास येऊं लागलीं, आणि वडिलांनीं आणखी एका वर्षाची मुदत दिली.

त्याच वहीनें त्यास एक चूकही दाखविली. २०२३ च्या खरिपांत महाराष्ट्रांत एक रुपयांत पीकविमा मिळूं लागला. त्याविषयींचें एक जुनें टिपण त्याच्या संकेतस्थळावर होतें. २०२५ सालीं ती सवलत बंद झाली, तरी टिपण तसेंच राहिलें, आणि बाजारांत एकानें तेंच दाखवून रुपयाचा विमा कोठें भरावा असें विचारलें. छापील मासिक जुनें झालें म्हणजे कपाटांत जातें. येथें जुनें लिहिलेलें नव्या वाचकापुढें रोज नव्यानें उभें राहतें. वाचकांच्या विचारणेवर ज्यास जगावयाचें आहे, त्यास आपलें जुनें उत्तर तपासण्याचा कंटाळा करून चालणार नाहीं.

शेवटीं एक इशारा. ऑगस्ट २००६ मध्यें एओएल ह्या अमेरिकन कंपनीनें सुमारें साडेसहा लाख लोकांच्या विचारणा, नांवें गाळून, अभ्यासाकरितां प्रसिद्ध केल्या. तरीही निवळ त्या शब्दांवरून कांहीं माणसें ओळखूं आलीं. मनुष्य जें विचारतो, त्यांत तो स्वतःच असतो. कर्व्यांच्या वाचकांनीं एका संपादकावर विश्वास टाकला होता. आजचा वाचक यंत्रावर टाकतो, व यंत्रामार्फत आम्हां लिहिणाऱ्यांवर. आलेखाची रेघ वर चढली कीं तेथें गिऱ्हाइकें उभीं आहेत असें न समजतां, कोणास तरी अडचण पडली आहे असें समजून जो लेखणी उचलील, त्यास ह्या साधनाचा अधिकार आहे. आमचा विद्यार्थी आतां आलेख पाहतो. पण बाजाराच्या दिवशीं वही घेऊन जाण्याचें त्यानें सोडलेलें नाहीं.