पाटीवरचे अरण्य

एकोणतीसचा पाढा तुमच्यापैकी किती जणांना येतो? मी तर केव्हाच विसरलो. पण एकोणतीस सत्ते कोणी विचारलेच, तर तीस सत्ते दोनशे दहा धरतो आणि सात वजा करतो. पाढा गेला, रीत राहिली.

असल्याच युक्तीवर १९८२ साली अमेरिकेत एक अख्खे अरण्य उभे राहिले. डेव्हिड क्रेन यांनी ‘पिटफॉल’ नावाचा व्हिडिओ गेम केला, तो अटारी कंपनीच्या १९७७ सालच्या यंत्रासाठी. हे यंत्र घरच्या टेलिव्हिजनला जोडायचे. त्याची स्मृती १२८ बाइट, आणि एक बाइट म्हणजे एक इंग्रजी अक्षर ठेवण्यापुरती जागा. पोस्टकार्डावर याहून जास्त मजकूर मावतो हो! ही झाली पाटी. लिहा आणि पुसा. खेळ ज्या डबीतून यायचा तिच्यात ४०९६ बाइट होते खरे, पण ते छापील पुस्तकासारखे, नुसते वाचायचे.

आणि दाखवायची होती २५५ ठिकाणे! झाडे, खड्डे, मगरींची तळी, विंचू. एकेक लिहून ठेवायला जागा कुठली? क्रेन यांनी प्रत्येक ठिकाणाला एका बाइटाचा आकडा दिला. बाइटात आठ घरे, प्रत्येक घरात शून्य किंवा एक. कुठल्या घरांवरून झाडे ठरायची, कुठल्यांवरून तळे की खड्डा ते. पुढच्या ठिकाणी जाताना सगळे आकडे एकेक घर सरकवायचे. रिकाम्या घरात काय भरायचे ते आधीच्या ठरावीक चार घरांत ‘एक’ सम वेळा आहे की विषम, यावरून. अशी २५५ पावले टाकली की पहिला आकडा परत येतो. रीत उलटी चालवली की मागे वळलेल्याला तेच तळे, तीच झाडे भेटतात.

ह्यात अडचणही आहे. एखादे ठिकाण आवडले नाही, तर तेवढेच बदलता येत नाही.

शिवाय अरण्यात ३२ ठेवी. त्यांतल्या कोणत्या खेळणाऱ्याने उचलल्या, हे कुठल्या रीतीने काढणार? ती त्या माणसाची करणी. ती लिहूनच ठेवावी लागते. म्हणून त्या चिमुकल्या पाटीवर चार बाइट राखून ठेवले, ठेवीमागे एक घर.

मुळात क्रेन यांनी खेळणाऱ्याला एकच जीव दिला होता. मित्र हटून बसले, तेव्हा कुठे तीन झाले.