मधुराद्वैताचे भाष्यकार : प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज

बाभुळगाव (जि. यवतमाळ) : यवतमाळहून बाभुळगावमार्गे धामणगावकडे निघाले, की अमरावती जिल्ह्याची हद्द लागते. वऱ्हाडाच्या या कापूसपट्ट्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्राला जे सत्पुरुष दिले, त्यांची नावे मुंबई-पुण्याच्या वाचकालाही परकी नाहीत. १८७८ मध्ये शेगावात प्रकटलेले गजानन महाराज, १८७६ मध्ये शेंडगावी जन्मलेले गाडगेबाबा आणि १९०९ मध्ये यावली येथे जन्मलेले तुकडोजी महाराज. गाडगेबाबांच्या नावे आज अमरावतीचे विद्यापीठ आहे, तुकडोजींच्या नावे नागपूरचे. शेगावची ख्याती वेगळी सांगायला नको. मात्र याच भूमीतील चौथे नाव विदर्भाबाहेर उच्चारले, तर बहुधा प्रश्नार्थक मुद्राच दिसतात. ते नाव म्हणजे गुलाबराव महाराज.

या उपेक्षेचे एक कारण साधे आहे. गजानन महाराजांनी काही लिहिले नाही. गाडगेबाबांनी लिहिण्यापेक्षा झाडू हाती घेतला. तुकडोजींची भजने खंजिरीच्या तालावर घरोघरी पोचली. गुलाबराव महाराजांनी मात्र ग्रंथ लिहिले, आणि तेही शास्त्रीय परिभाषेतले, काही थेट संस्कृतात. ज्याला वाचावे लागते अशा संताला लोकप्रियता कमीच लाभते. त्यातून महाराज जन्मल्यानंतर अवघ्या काही महिन्यांत अंध झालेले. त्यामुळे त्यांच्याविषयी जे बोलले जाते ते बहुतांशी त्यांच्या अंधत्वाविषयी आणि त्यावर मात करणाऱ्या चमत्कारांविषयी. ग्रंथांत नेमके काय आहे, हा प्रश्न मागेच राहतो.

चौतीस वर्षांचे आयुष्य

गुलाबराव गोंदुजी मोहोड यांचा जन्म ६ जुलै १८८१ रोजी अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळी या आजोळच्या गावी झाला. मूळ गाव त्याच जिल्ह्यातील माधान. कुटुंब कुणबी समाजाचे, शेतकरी. आठव्या-नवव्या महिन्यात डोळ्यांच्या विकारावर झालेल्या चुकीच्या औषधोपचाराने दृष्टी गेली, असे चरित्रकार सांगतात. चौथ्या वर्षी आई अलोकाबाईंचे छत्र हरपले आणि पुढील काही वर्षे आजीच्या सांभाळात गेली. शाळेचा प्रश्नच नव्हता. ब्रेल लिपी त्या काळी वऱ्हाडच्या खेड्यात पोचणे शक्य नव्हते. कानांवर पडेल तेच शिक्षण.

१८९६ मध्ये मणकर्णिका यांच्याशी त्यांचा विवाह झाला. महाराजांनी पुढे संन्यास घेतला नाही. हा तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण ज्या माणसाने स्वतःला श्रीकृष्णाची पत्नी मानले, तो व्यवहारात गृहस्थच राहिला. या विवाहाच्या सुमारासच वऱ्हाडावर दुष्काळ कोसळला, तीनच वर्षांनी दुसरा आला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० ही वर्षे त्या पिढीच्या स्मरणातून कधी गेली नाहीत.

१९०१ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षाच्या आसपास, त्यांना ज्ञानेश्वर महाराजांचे दर्शन होऊन त्यांच्याकडूनच स्वनामाचा मंत्र लाभला, अशी संप्रदायाची श्रद्धा आहे. ज्ञानेश्वरांची समाधी १२९६ ची, म्हणजे गुरू आणि शिष्य यांच्यात सहाशे वर्षांचे अंतर. आधुनिक वाचकाला हे अंतर खटकेल. वारकरी परंपरेला मात्र ते नवे नाही. तुकोबांना बाबाजी चैतन्यांचा उपदेश स्वप्नात झाला आणि बहिणाबाईंना तुकोबांचा, तोही स्वप्नात. देहधारी गुरूवाचून मिळालेला अनुग्रह ही या परंपरेतील मान्य वाट आहे. विशेषतः ज्यांना प्रस्थापित पीठांचे दरवाजे सहज उघडत नव्हते, त्यांना ती जवळची वाटली, असे इतिहास पाहता म्हणावेसे वाटते.

तेव्हापासून महाराज स्वतःला ‘ज्ञानेश्वरकन्या’ म्हणवून घेऊ लागले. ज्ञानेश्वरांना अवघा महाराष्ट्र ‘माउली’ म्हणतो, तेव्हा एखाद्याने लेक व्हावे यात आश्चर्य नाही. मात्र ते येथेच थांबले नाहीत. माहेर आळंदीचे, तर सासर गोकुळाचे, या भावाने त्यांनी कात्यायनी व्रत केले आणि कपाळी कुंकू, गळ्यात मंगळसूत्र अशी सौभाग्यचिन्हे धारण केली. वऱ्हाडच्या खेड्यात, पाटीलकीची रीत असलेल्या समाजात, एका विवाहित तरुणाने असे वागणे किती कठीण गेले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. बंगालात रामकृष्ण परमहंसांनी (१८३६-१८८६) मधुरभावाची साधना करताना काही काळ स्त्रीवेष स्वीकारला होता. तेथे गौडीय वैष्णवांची राधाभावाची मोठी परंपरा पाठीशी होती. मराठी संतांनी विठ्ठलाला प्रामुख्याने आई मानले. गौळणी आणि विरहिणी आपल्याकडे आहेत, पण पतिभावाने देवाची आयुष्यभर उपासना करण्याची रीत येथे रुळलेली नव्हती.

२० सप्टेंबर १९१५ रोजी, वामन द्वादशीच्या दिवशी, पुण्यात महाराजांनी देह ठेवला. वय अवघे चौतीस.

ग्रंथ आणि ग्रंथलेखक

महाराजांच्या ग्रंथांची संख्या सव्वाशेच्या वर सांगितली जाते. मोजदादीत फरक पडतो, कारण काही पानांत संपणारे सूत्रग्रंथही यात येतात आणि विस्तृत गद्यग्रंथही. पण आकडा कोणताही घेतला, तरी हे सारे जेमतेम दीड दशकाचे काम आहे, आणि ते पूर्णतः तोंडी सांगितलेले. महाराज बोलत आणि शिष्य लिहून घेत. वाचनही तसेच. कुणी तरी ग्रंथ वाचून दाखवी, महाराज ऐकत आणि ते त्यांच्या स्मरणात राही. ग्रंथ केवळ कपाळाला लावला की त्यांना आशय कळे, असे भाविक सांगतात. ते श्रद्धेच्या प्रांतातले. पण नुसत्या श्रवणावर न्याय, व्याकरण, वेदान्त आणि आयुर्वेद यांची परिभाषा आत्मसात करून त्यात स्वतंत्र रचना करणे, हे चमत्काराची गरज न भासावी इतके मोठे काम आहे. लिहून घेणाऱ्या आणि वाचून दाखविणाऱ्या त्या हातांचा व आवाजांचाही त्यात वाटा आहे. चरित्रांतून त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही.

विषयांची व्याप्ती थक्क करणारी आहे. ‘संप्रदाय सुरतरू’ आणि ‘साधुबोध’ हे मराठी ग्रंथ त्यांच्या अनुयायांत विशेष प्रमाण मानले जातात. ‘अलौकिक व्याख्यानमाला’ हे गद्य. संस्कृतात ‘अंतर्विज्ञानसंहिता’, ‘ईश्वरदर्शनम्’, नारदभक्तिसूत्रांना अनुसरून केलेले लेखन, काव्यशास्त्रावरील सूत्रे, मुलांसाठी ‘शिशुबोधव्याकरणम्’. ‘मानसायुर्वेदा’त मनाच्या विकारांची मांडणी आयुर्वेदाच्या चौकटीत करण्याचा प्रयत्न आहे. याशिवाय अभंग, पदे आणि आख्याने. ‘नावंग’ नावाची स्वतंत्र भाषा आणि एक सांकेतिक लिपी त्यांनी रचल्याचेही चरित्रकार नोंदवितात. गूढविद्येची आवड असणाऱ्यांना या शेवटच्या गोष्टीचे कुतूहल अधिक वाटते. पण त्यांच्या विचारांचा गाभा तेथे नाही, तो मधुराद्वैतात आहे.

मधुराद्वैत म्हणजे काय?

शंकराचार्यांच्या अद्वैतात ब्रह्म एकच सत्य, जग हा त्यावरील आभास. दोरीवर साप भासावा तसा. दोरी कळली की साप नाहीसा होतो. मग ज्ञान झाल्यावर भक्ती कशी उरावी? भक्त आणि देव असे दोन उरतच नसतील, तर कृष्णाचे ते सावळे रूपही सापासारखे विरून जायला हवे. अद्वैत मानणाऱ्या प्रत्येक भक्ताला हा पेच पडतो. ज्ञानेश्वरांनी ‘अमृतानुभवा’त जगाला आत्म्याचे स्फुरण मानून त्याला एक उत्तर दिले. सोळाव्या शतकाच्या सुमारास मधुसूदन सरस्वतींनी ‘भक्तिरसायना’त दुसरे दिले.

गुलाबराव महाराजांनी यासाठी ‘अनध्यस्त विवर्त’ ही संकल्पना पुढे केली. शब्द जड आहे, कल्पना तितकी नाही. दोरीवरचा साप दिसतो तेव्हा दोरी लपलेली असते. हा अज्ञानातून आलेला, म्हणजे ‘अध्यस्त’ आभास. सोन्याचा दागिना मात्र वेगळा. दागिना दिसत असताना सोने लपत नाही, आणि हे सोने आहे असे कळल्यावर दागिना नाहीसा होत नाही. कृष्णाचे सगुण रूप हे दुसऱ्या प्रकारचे आहे, असे त्यांचे म्हणणे. ते ब्रह्माहून वेगळे नाही, आणि ब्रह्म कळल्यावरही त्याला धक्का लागत नाही. म्हणून ज्ञानानंतरही प्रेमाला जागा उरते, किंबहुना खरे प्रेम तेथूनच सुरू होते. मंगळसूत्र आणि कुंकू याच सिद्धान्ताची आचरणातील बाजू होती, हे ध्यानात घेतले म्हणजे ते विचित्र वाटेनासे होते.

शंकराचार्यांना न सोडता भक्तीला अढळ स्थान देण्याची ही धडपड त्यांना पुढे ‘समन्वय महर्षी’ ही उपाधी देऊन गेली. निरनिराळी दर्शने परस्परांना खोडून काढत नाहीत, अधिकारपरत्वे ती वेगवेगळ्या साधकांसाठी आहेत, अशी त्यांची भूमिका होती.

डार्विन, स्पेन्सर आणि वऱ्हाड

महाराज केवळ समाधीत रमलेले असते, तर त्यांचा समावेश संतचरित्रांत झाला असता आणि विषय संपला असता. पण ते आपल्या काळाशी भांडत होते. आगरकरांच्या पिढीने मिल आणि स्पेन्सर मराठीत आणले होते. सुशिक्षितांत उत्क्रांतिवादाची चर्चा होती. टिळकांचा आर्यांच्या मूळ वसतिस्थानाविषयीचा ग्रंथ १९०३ मध्ये आला. या सर्वांची दखल महाराजांनी घेतली. डार्विन आणि स्पेन्सर यांची मते ते पूर्वपक्ष म्हणून उभी करतात आणि दर्शनकारांच्या वादपद्धतीने त्यांना उत्तर देतात. आर्य बाहेरून आले, हे मत त्यांना मान्य नव्हते.

येथे थोडे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. महाराजांना आधुनिक विज्ञान आधीच ठाऊक होते, असे सांगण्याचा मोह त्यांच्या काही चाहत्यांना आवरत नाही. वस्तुस्थिती अशी, की उत्क्रांतीचा सिद्धान्त शतकभराच्या पुराव्यांनी बळकट झाला आहे. प्राचीन मानवी अवशेषांतील जनुकांचा मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात इसवी सनपूर्व दुसऱ्या सहस्रकात गवताळ स्टेप प्रदेशातून भारतीय उपखंडात स्थलांतर झाल्याचे दिसते. तेव्हा या मुद्द्यांवर महाराजांचे निष्कर्ष आज टिकणारे नाहीत. पण विचारी वाचकाने त्यापाशी थांबू नये. पाश्चात्त्य विद्येला एक तर शरण जावे, नाही तर तिचे नावच घेऊ नये, असे दोनच पर्याय दिसत असताना एका अंध कुणबी तरुणाने तिच्याशी आपल्या परिभाषेत वाद घातला. वाद हरला तरी वादाची पात्रता सिद्ध होतेच.

ते समाजसुधारक नव्हते, हेही सांगितले पाहिजे. शास्त्रप्रामाण्य त्यांना पूर्ण मान्य होते. जवळजवळ समवयस्क असलेले गाडगेबाबा देवळातल्या देवापेक्षा माणसाकडे बोट दाखवीत होते, तेव्हा महाराज श्रुतिस्मृतींचा अर्थ लावीत होते. शेतकरी घरातील माणसाने संस्कृतात सूत्रे रचून आचार्यपद मिळविणे ही घटना मात्र स्वतःच बोलकी आहे, तिचा गाजावाजा त्यांनी केला नसला तरी.

ग्रंथांचे पुढे काय झाले?

महाराजांनंतर संप्रदायाची धुरा त्यांचे शिष्य बाबाजी महाराज पंडित यांनी वाहिली. विखुरलेले लेखन जपून ठेवणे आणि छापणे हे काम त्यांनी व त्यांच्या परिवाराने केले. ‘सूक्तिरत्नावली’ या मालेतून हे ग्रंथ प्रसिद्ध झाले, तिच्या खंडांना ‘यष्टी’ असे नाव आहे. अमरावती जिल्ह्यातील चांदूर बाजार येथील भक्तिधाम आणि माधान ही अनुयायांची प्रमुख स्थाने.

विद्यापीठीय तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक्रमात हे नाव क्वचितच भेटते. टिळकांचे ‘गीतारहस्य’ १९१५ च्या जूनमध्ये प्रसिद्ध झाले, महाराज त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये गेले. एकाच वर्षाशी निगडित असे हे दोन मराठी विचारवंत, एक कर्मयोगाचा, दुसरा मधुरभक्तीचा. पहिल्यावर ग्रंथालये भरतील इतके लिहिले गेले, दुसऱ्याच्या ग्रंथांच्या चिकित्सक, टीपांसह सिद्ध केलेल्या आवृत्त्यांची वाण आहे. संस्कृत सूत्रे तर भाषांतराशिवाय सामान्य वाचकाच्या आवाक्याबाहेरचीच.

ज्यांना प्रत्यक्ष वाचायचे असेल, त्यांनी संस्कृत ग्रंथांकडे वळण्यापूर्वी ‘साधुबोध’ हाती घ्यावा. जिज्ञासूंच्या शंकांभोवती त्याचे विवेचन फिरत असल्याने महाराजांची बोलण्याची ढब त्यात लवकर सापडते. अभंग आणि पदे सोबतीला ठेवावीत. ‘अमृतानुभव’ वाचलेला असेल, तर मधुराद्वैताचे विवेचन सोपे जाते. नसेल, तर आधी तोच वाचावा.