कपाशीतलं तणनाशक आणि पार्किन्सन: मेंदूच्या पेशी कशा वाचवायच्या?

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात पाऊस पडला की कपाशीत तण माजतं. खुरपणीला मजूर मिळत नाहीत, मग पाठीवरचा पंप निघतो. कपाशीसाठी भारतात मान्यता असलेल्या तणनाशकांपैकी एक म्हणजे पॅराक्वाट. युरोपियन युनियनमध्ये ते २००७ पासून बंद आहे. पोटात गेल्यास त्यावर उतारा नाही. पण थोडं थोडं अंगावर पडत राहिलं तर?

मेंदूत काय होतं?

मेंदूतल्या 'सबस्टॅन्शिया नायग्रा' या काळसर भागातल्या पेशी डोपामिन तयार करतात. हालचाली सुरळीत राहतात त्या डोपामिनमुळेच. डोपामिनचं विघटन होताना हायड्रोजन पेरॉक्साइड बनतं, म्हणजे या पेशींवर आधीच ताण असतो. पॅराक्वाट पेशीतले इलेक्ट्रॉन घेऊन ऑक्सिजनला देत राहतं. त्यातून घातक सुपरऑक्साइड तयार होतं. पेशीची ढाल असलेलं ग्लुटाथायोन कमी पडलं, की पेशी मरू लागतात. यालाच 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' म्हणतात. हाताला कंप सुटेपर्यंत बऱ्याच पेशी गेलेल्या असतात.

पुरावा काय?

अमेरिकेत २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पॅराक्वाट किंवा रोटेनोन वापरणाऱ्यांमध्ये पार्किन्सनचा धोका सुमारे अडीच पट आढळला. याचा अर्थ फवारणी करणाऱ्या प्रत्येकाला हा आजार होतो असा नाही.

पेशी वाचवणारी गोळी आहे का?

अजून नाही. ई जीवनसत्त्व आणि कोएन्झाइम क्यू-१० यांनी प्रयोगशाळेत आशा दाखवली, पण रुग्णांवरच्या मोठ्या चाचण्यांत आजाराचा वेग कमी झाला नाही. खाजकुयलीच्या बियांत एल-डोपा असतं. ते डोपामिनची कमतरता भरून काढतं, मात्र पेशी वाचवतं हे सिद्ध झालेलं नाही. पार्किन्सनची गोळी सुरू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये.

मग उपाय काय?

विष शरीरात जाऊ न देणं. २०१५ च्या एका अमेरिकी अभ्यासात, हातमोजे घालणाऱ्यांमध्ये पॅराक्वाट आणि पार्किन्सनचा संबंध दिसला नाही. म्हणून:

- द्रावण तयार करतानाही रबरी हातमोजे, चष्मा, मास्क आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.
- गळका पंप वापरू नका. नोझल तोंडाने फुंकू नका.
- वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नका.
- काम संपताच आंघोळ करा. कपडे वेगळे धुवा.

एका हाताला कंप, बारीक होत जाणारं अक्षर, मंदावलेली चाल दिसली तर 'वय झालं' म्हणून सोडू नका. घाटी रुग्णालयात किंवा जवळच्या डॉक्टरांकडे जा आणि किती वर्षं, कोणतं 'औषध' फवारलं, हेही सांगा.