स्मर्न्याचा निर्वासित आणि इंग्रजांची मोटार

इतिहास राजवाड्यांत आणि रणांगणांवर शोधायचा, अशी सवय आपल्याला क्रमिक पुस्तकांनी लावली. पण मध्यमवर्गीय माणसाने पोटाला चिमटा घेऊन विकत घेतलेल्या मोटारीतही इतिहास दडलेला असतो. महायुद्धानंतरच्या इंग्लंडमधील मॉरिस मायनर आणि मिनी या दोन घरगुती गाड्यांची कहाणी अशीच आहे.

या दोन्ही गाड्यांचा रचनाकार अ‍ॅलेक इसिगोनिस. त्याचा जन्म १९०६ साली उस्मानी साम्राज्यातील स्मर्ना, म्हणजे आजच्या इझमीर येथे झाला. वडील ग्रीक वंशाचे पण ब्रिटिश नागरिक, आई जर्मन. १९२२ मध्ये मुस्तफा कमाल यांच्या फौजांनी स्मर्ना परत मिळवले. तेव्हा आपल्याकडे खिलाफत चळवळ चालू होती. अंगोरा फंडासाठी वर्गण्या गोळा होत होत्या आणि तुर्कांच्या विजयाने मुस्लिम मोहल्ले हरखले होते. त्याच दिवसांत स्मर्न्याला आग लागली. पंधरा वर्षांचा अ‍ॅलेक आईवडिलांसह माल्टाला निघाला. वडील लवकरच वारले आणि मायलेक इंग्लंडला पोहोचले. घटना एकच, एका घरात ईद, दुसऱ्या घरात मातम. उर्दू शाळेत खिलाफतीचा धडा शिकवताना मी मुलांना ही दुसरी बाजूही सांगतो.

या निर्वासित मुलाने इंग्रज कुटुंबाला त्याची गाडी दिली. १९४८ साली मायनर बाजारात आली. नमुन्याची गाडी अरुंद वाटली म्हणून इसिगोनिसने ती मधोमध कापून चार इंच रुंद करवली. बॉनेटवरची उभी पट्टी ही त्याचीच खूण. अशा सुमारे १६ लाख गाड्या बनल्या. १९५६ मध्ये नासर यांनी सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले, युद्ध झाले आणि इंग्लंडात पेट्रोलचे रेशनिंग आले. त्या टंचाईतून १९५९ साली मिनी जन्मली. इंजिन आडवे बसवल्यामुळे अवघ्या दहा फुटांच्या गाडीत चार माणसे मावली.

मालकांच्या आठवणी मात्र कडू-गोड आहेत. थंडीत चोक ओढायचा, गाडी रुसली तर हँडल मारायचे. खालचा पत्रा गंजून जाई. पहिल्या मिनी गाड्यांत पावसाचे पाणी पायाखाली साचे आणि पुढच्या जाळीतून आत शिरलेल्या पाण्याने इंजिन बंद पडे. तरीही हीच माणसे गाडीचे नाव काढले की हसतात. पोरेबाळे कोंबून समुद्रावर नेणारी ती पहिली गाडी होती आणि चार पाने जवळ असले की घरच्या घरी दुरुस्त होत होती.

पुढे १९६८ मध्ये ब्रिटिश लेलँड ही अवाढव्य कंपनी उभी राहिली आणि १९७५ मध्ये ती सरकारला ताब्यात घ्यावी लागली. २००५ साली लाँगब्रिजचा जुना कारखाना बंद पडला आणि हजारो कामगार बेकार झाले. या अधःपाताचे सारे खापर संपकरी कामगारांवर फोडले जाते. संप झाले हे खरे. पण मिनीत पाणी शिरले ते तळाच्या पत्र्याचा सांधा आराखड्यातच उलटा धरल्यामुळे. आराखडा कामगार काढत नव्हता.

यातील एक धागा आपल्या अंगणापर्यंत येतो. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून बंगालमधील उत्तरपाडा येथे अ‍ॅम्बेसेडर तयार झाली आणि २०१४ पर्यंत बनत राहिली. इंग्लंडने केव्हाच टाकून दिलेले रूप आपल्याकडे मंत्र्यालाही चालले आणि टॅक्सीवाल्यालाही.

जुन्या गाडीवर प्रेम जरूर करावे, पण तिचा गंज विसरून नव्हे. गतकाळाकडे पाहतानाही हीच रीत बरी. गौरवाच्या कथेत रडणारे घर कोणते होते, आणि अपयशाच्या कथेत दोष कोणाच्या माथी मारला गेला, एवढे दोन प्रश्न विचारायला आपली मुले शिकली तरी इतिहासाचा तास सार्थकी लागला म्हणायचा.