कोजागिरीची तीन घड्याळं

आधी डोकं झाका. काळी टोपी, रुमाल, पागोटं, हाताला लागेल ते घाला, पण बोडक्यानं खाली उतरू नका. १९३५ सालच्या गिरगावात उघड्या डोक्यानं चाललेला माणूस दिसला की समोरचा आवाज खाली आणून विचारतो, "घरात कोणी...?" बाई असाल तर नऊवारीचा काष्टा घट्ट खोचा, आज जिने फार आहेत. मोबाइल तिकडेच राहू दे. त्याच्या बदल्यात ही चौकोनी चवली घ्या. चवली म्हणजे दोन आणे, दोन आणे म्हणजे आठ पैसे. आजचा अख्खा दिवस यात भागवायचा आहे.

आणि मनगटावरचं घड्याळ ३९ मिनिटं मागं करा. थट्टा नाही. आगगाड्या स्टँडर्ड टाइमवर सुटतात, पण मुंबई शहरानं आपली वेळ सोडलेली नाही, आणि १९५५ पर्यंत सोडणारही नाही. चर्नी रोडला गाडी गाठायची तर एक घड्याळ, बाकी सगळ्याला दुसरं. एवढ्यानं भागलं नाही म्हणून की काय, गिरगावकर तिसरंही बाळगतात. ते भिंतीवर दिसणार नाही. जरा धीर धरा.

आता पाय जपून टाका. अंधार आहे आणि गॅलरीभर माणसं झोपलेली आहेत. चटया, सतरंज्या, उशाला गुंडाळलेले कोट. खोली दहा बाय बाराची, माणसं सात, आणि महिना आश्विन. आत झोपलात तर उकाडा आणि ढेकूण, बाहेर झोपलात तर फक्त डास. म्हणून बाहेर. तुमचा पाय कुणाच्या तरी पोटरीवर पडतोच. "कोण रे तो!" म्हणेपर्यंत पुढे सटका.

नळाला पाणी आलंय. बादल्या आपटतात, कळश्या घासल्या जातात, आणि रांगेवरून दोन बायकांची रोजची तक्रार रोजच्याच शब्दांत सुरू होते. खालून कोळशाचा धूर चढतो, त्यात रॉकेलचा वास मिसळतो, मग कुणाच्या तरी चहाचा. नाक्यावर व्हिक्टोरियाच्या घोड्यांच्या लिदीचा ओलसर वास. लांबून ट्रामची घंटा. तीन दारं पलीकडे एक आजोबा कठड्याला टेकून तंबाखू मळतायत. त्यांच्याभोवती चार पोरं.

"आजोबा, आज पाणी कधी?"

नळाचं पाणी नव्हे. ते तर आलंय. पोरं समुद्राचं विचारतायत.

"तिथी कोणती?"

"पुनव. पंधरा."

"मग कर पाऊणपट."

पोरगा छताकडे बघतो. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी मास्तरांनी छडी मारून पाठ करून घेतल्यात. ते कशासाठी, हे तुम्हाला आत्ता कळेल. "सव्वाअकरा!"

सव्वाअकराला भरती. दिवसाही, रात्रीही. मधे सहा तासांनी ओहोटी, म्हणजे साधारण सव्वापाचला. हेच ते तिसरं घड्याळ. कोळ्यांचं गणित गिरगावातल्या पोरांनी उचललंय, कारण दहा बाय बारात खेळता येत नाही. चाळीतल्या पोराला एकच मोठी खोली मिळते. तिला भिंती नाहीत, आणि तिचं दार चंद्र उघडतो, चंद्रच लावतो.

सकाळ भरभर उरकू. तालमीत डोकावायचं असेल तर डोकावा. तेल मुरलेल्या तांबड्या मातीचा वास, मल्लखांबाला चोळलेल्या एरंडेलाचा चिकट वास, आणि खांबाच्या टोकावर पालथा पडून दोन्ही हात सोडणारा तुमच्याहून निम्म्या वयाचा मुलगा. करून बघायचा मोह आवरा. एरंडेल कपड्यातून जात नाही.

कारण ऊन आता खरं चढतंय. भाद्रपदापर्यंत ढगांनी झाकून ठेवलेलं सगळं ऊन आश्विनात एकदम बाहेर काढलेलं असतं. पाऊस परतला, नैर्ऋत्येचा वारा मेला, थंडीचा वारा अजून यायचाय. सकाळभर वारा येतो तो जमिनीकडून, कोरडा आणि गरम. समुद्रावरचा वारा दुपार कलल्याशिवाय उठत नाही. तोवर टोपीखाली घामाच्या धारा, कोटाची कॉलर मानेला चिकटलेली. कोळीण पाटी उतरवते. पापलेटं चकचकतायत, शेजारी बोंबील लोळतायत. नारळी पौर्णिमेला होड्या पुन्हा पाण्यात गेल्या तेव्हापासून बाजार भरलाय. "ताजा हाय गो, आत्ताच उतरवलाय," ती शपथ घेते. गोळेवाला बर्फ किसतो, लाकडी रंध्यावर खर्रर्र. एक पैसा टाका. लाल रंग कोपरापर्यंत ओघळू द्या.

सव्वाअकरा. पळा.

चौपाटीवर पाणी थेट वाळूच्या वरच्या कडेपर्यंत आलंय. पोरांनी कपडे होडीच्या आडोशाला टाकलेत, वर टोप्या, टोप्यांवर दगड. पहिली उडी घेता तेव्हा पाणी अंगाला लागतं ते गार नव्हे, कोमट. सकाळपासून तापलेलं. पण चार हात पुढे गेलात की पायांना खालचं गार पाणी लागतं आणि तुमच्या तोंडून नको तितका मोठा आवाज निघतो. पोहणं कुणी शिकवत नाही. एक मोठा पोरगा लहानग्याच्या पोटाखाली हात धरतो, दहा आकडे मोजतो आणि हात काढून घेतो. लहानगा खारट पाणी गिळतो, शिव्या देतो आणि तरंगतो. इथली शाळा एवढीच.

जेवण, मग सक्तीची वामकुक्षी. चारला उठा.

मैदान धोबीतलावाला आहे, चालत सहज गाठता येईल. तरी आपण ट्रामनं जाऊ, दुमजली ट्रामच्या वरच्या मजल्यावरून. हा खर्च जाण्याचा नाही, वाऱ्याचा आहे. एक आणा. लोखंडी जिना हाताला पोळतो, बाकं कडक, पण ट्राम हलली की समुद्रावरून नुकता उठलेला वारा गल्लीतल्या दोरीवरच्या धोतरांमधून येऊन तोंडावर आदळतो. पुढच्या बाकावरचा कारकून डोळे मिटून टोपी मांडीवर घेतो. डोकं उघडं ठेवायची त्याची दिवसातली ही एकच जागा. त्याला कुठेही जायचं नाही, हे तुम्हाला एव्हाना कळलं असेल.

क्रॉस मैदानावर उतरलात की पहिला धक्का हा, की सामना कुठला ते कळत नाही. एका सामन्याचा स्लिपमधला माणूस दुसऱ्या सामन्याच्या लाँग ऑनला पाठ लावून उभा. क्लबांचे तंबू, तंबूत खोकी, खोक्यांवर लिंबू सरबत. पावसात वाढलेलं गवत नुकतं कापलंय, उन्हात त्याचा वाळका गोड वास सुटलाय. मधे काथ्याची मॅट अंथरलेली. वाका, बोट लावून बघा. दोरखंडासारखी खरखरीत, कडेनं लोखंडी खिळे ठोकून ताणलेली. एक मुलगा हातोडा घेऊन सैल झालेला खिळा पुन्हा ठोकतोय. खिळा सैल म्हणजे मॅटला सुरकुती, आणि सुरकुतीवर पडलेला चेंडू कुठे जाईल ते देवाला ठाऊक. मॅटवर चेंडू उसळतो तो असा, की जो या मैदानात फलंदाजी शिकला त्याचे पाय आपोआप मागं जातात.

बॅट हातात मिळायची आशा धरू नका. बघ्यांची जात वेगळी, आणि तीही मानाची. तुमच्या शेजारचे दोघे १९२६ साली जिमखान्यावर होते. सी. के. नायडूंनी एमसीसीच्या गोलंदाजांना अकरा षटकार ठोकून १५३ काढले, ते यांनी झाडावरून पाहिलंय. निदान झाड तरी दाखवतात. दरवेळी वेगळं. मग बोलणं चौरंगी सामन्यांवर येतं, कोण फॉर्मात, कोणाला उगाच घेतलं. तेवढ्यात तुमच्याच पायाशी कुठल्या तरी तिसऱ्याच सामन्याचा चेंडू येतो. उचला आणि फेका. झेलणाऱ्यानं हात वर केला की तुमचं आजचं क्रिकेट झालं.

पाच वाजून गेले. आता मुख्य खेळ.

चौपाटीवर पोहोचता तेव्हा सकाळची जागा ओळखू येत नाही. जिथे दुपारी डुबक्या मारल्या तिथे वाळू उघडी पडलीय. रुंद, ओली, सपाट. पौर्णिमेची ओहोटी लांबवर जाते, त्यामुळे एरवी न दिसणारा समुद्राचा तळही आज खेळायला मिळतो. कुणीतरी टाचेनं रेघ ओढतो. हुतुतू.

उभे राहा की. लंगोट नसेल तर धोतर वर खोचा. ओल्या वाळूची मजा अशी, की पडलं तरी लागत नाही आणि पळावं तर पाय सुटत नाही. तुम्ही दम भरता, "हुतूतूतूतू" म्हणत रेघ ओलांडता. चार पोरं अर्धगोल करून मागं सरकतात. त्यांच्या अंगाला दुपारच्या मिठाचा आणि आत्ताच्या घामाचा वास. तुम्ही एकाच्या खांद्याला हात लावता, वळता, रेघ हातभर लांब. तेवढ्यात घोटा धरला जातो. दुसरा कमरेला. तोंड वाळूत. "तूतू" चालू ठेवायचा प्रयत्न केलात तर वाळू दातांत जाते. दम तुटला. बाद. बाहेर बसा आणि थुंका.

बाहेर बसण्यालाही किंमत आहे. पेन्शनर जोडीनं फेऱ्या मारतायत, छत्री काठीसारखी टेकत. सुवासिनी मुलांना घेऊन वाळूत बसल्यात, पण त्यांचं लक्ष दिव्यांकडे. अंधाराआधी घरी जायचंय. भेळवाल्यानं रॉकेलची चिमणी पेटवलीय. दोन पैसे द्या. कांदा, कैरीच्या आंबटपणाऐवजी चिंच, वरून मिरचीचा ठेचा. वडापाव मागू नका. त्याला अजून तीस वर्षं आहेत. समुद्रालगत भरणी करून केलेल्या नव्या रस्त्यावर इमारती उभ्या राहतायत, चुन्याची आणि दगडाची धूळ वाऱ्याबरोबर येते. बसायला ते चार पायांचे सिमेंटचे ठोकळे शोधू नका, तेही नंतरचे. मलबार हिलवर म्हातारीचा बूट नाही. सूर्य मात्र तोच, आणि आज तो बुडताना मागून दुसरा उगवतोय.

परतताना एका पैशाचे खारे दाणे. आठ पैसे संपले. गल्लीत दिवेवाला लांब काठीनं गॅसचे दिवे लावत जातोय. दर दिव्याला एक फुस्स, मग पिवळा उजेड. जिन्याखाली पोरांनी बांबूच्या कामट्या सोलायला घेतल्यात. दिवाळीला पंधरा दिवस उरलेत, कंदिलाला कागद आणि खळ लागेल, आणि किल्ल्यासाठी विटा कुठून पळवायच्या याची खलबतं वेगळी.

रात्री गच्चीवर सगळी चाळ. तुम्हाला आता एक गोष्ट लक्षात येईल. दिवसभर तुम्ही मैदानात, वाळूत, ट्रामवर फिरलात, तेव्हा या बायका फार कमी दिसल्या. त्यांचं बाहेर म्हणजे नळ, गॅलरी आणि संध्याकाळचा तासभर. आजची गच्ची मात्र त्यांची. पितळी पातेल्यात दूध आटतंय, शेगडीच्या निखाऱ्यांवर. केशर, चारोळी, किसलेलं जायफळ. साय धरली की वेलदोड्याचा वास वाऱ्यावर अर्ध्या वाडीभर जातो. एका कोपऱ्यात गंजिफा नव्हे, साधे पत्ते. दुसऱ्या कोपऱ्यात भेंड्या, आणि "ळ" आला की आरडाओरडा. दुधात चंद्राचं प्रतिबिंब पाडल्याशिवाय प्यायचं नाही, म्हणून आजी पातेलं बोटभर सरकवते, मान वाकडी करून बघते, पुन्हा सरकवते. मधे कुणाची सावली आली की "हट!"

अकरा वाजले. लक्ष्मी मध्यरात्री हिंडते आणि कोण जागं आहे ते विचारते, असं सांगतात. पोरांना दुसऱ्याच कुणाची वाट आहे. वाटी घशात रिकामी करून ती जिना उतरतात. तुम्हीही उतरा. आज बायकाही उतरतायत. कोजागिरीला कोणी अडवत नाही.

रस्ता पांढरा, ट्रामचे रूळ चकचकीत. वाळूशी पोहोचता आणि थांबता, कारण पुढे वाळू नाही. संध्याकाळची रेघ, तुमची पडलेली जागा, भेळवाल्याच्या द्रोणांचा कचरा, सगळ्यावर पाणी आहे. चंद्र डोक्यावर. पाणी पायाच्या अंगठ्याला लागून थबकतं, मागं जातं, आणि पुढच्या लाटेला तेवढंच येतं, पुढे सरत नाही. भरती पुरी झाली.

"बघा," पोरगा म्हणतो, "पाऊणकी."

आता तुमच्या काळात परत जा. टोपी काढा, वाळू झटका. चवली संपली, त्यामुळे हिशेब पुरा. घरी भिंतीवरच्या कालनिर्णयात आजची तिथी बघा. शुद्ध असो वा वद्य, प्रतिपदेपासून मोजा आणि पाऊणपट करा. येईल ती मुंबईची जुनी वेळ. तिच्यात ३९ मिनिटं मिळवा आणि चौपाटीवर जाऊन उभे राहा. थोडं अलीकडे-पलीकडे होईल, पण पाणी येईल.